त्रुहियोच्या टोपीवाल्या आजोबांना

तीर्थस्वरूप आजोबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्ही ते वाचण्याचा प्रश्नच येत नाही. नाव विचारलं तर तुम्ही नुसता हात उडवलात. तरीही लिहितेय, कारण त्या शनिवारी माझ्याकडून स्पॅनिश 'ग्रासियास'च्या, म्हणजे 'धन्यवाद'च्या पुढे एक शब्द निघाला नाही.

आमचा बेत म्हणजे खास आमच्या घरचा: तंबू स्पेनमधल्या कासेरेसजवळ, आणि एका दिवसात कासेरेस, त्रुहियो, ग्वादालुपे अशी तिन्ही गावं 'उरकायची'. कासेरेस उरकलं. त्रुहियो पाच-सहा किलोमीटरवर असताना टायर कडेने फाटला. भाड्याच्या गाडीत स्टेपनी नाही, नुसता फेसाचा डबा. तो फेस फाटलेल्या टायरला काय उपयोगाचा! दुपारचे पावणेदोन, ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना ओकची झाडं आणि दगडी गडगे, माणूस एक नाही.

तुमचा पिकअप थांबला. तुम्ही स्वतःचा जॅक काढलात, चाक उतरवून मागे टाकलंत आणि आम्हा चौघांना आत बसवलंत. गॅरेज बंद झालं होतं. तुम्ही फोनवर कुणाला तरी दोन मिनिटं दटावलंत आणि आम्हाला पाच बोटं दाखवलीत: पाच वाजता उघडेल.

मग तुम्ही घरी जायला हवं होतं, आजोबा. जेवणाची वेळ होती.

पेरूचं इंका साम्राज्य जिंकणाऱ्या पिसारोच्या, चौकातल्या घोड्यावरच्या पुतळ्यापुढून तुम्ही आम्हाला न थांबता नेलंत. थांबलात ते कोपऱ्यावरच्या वाड्यापाशी. तिथे पिसारोबरोबर इंका राजकन्येचाही दगडी चेहरा आहे, आणि शेजारी त्यांची मुलगी फ्रान्सिस्का. तिने सावत्र काकाशी लग्न करून हा वाडा बांधला. फोनने भाषांतर केलं तेव्हा आई म्हणाली, "अगंबाई, काकाशी?" ते मात्र तुम्हाला भाषांतराशिवाय समजलं.

जेवताना तुम्ही मिगास मागवलंत. आईचा शनिवार. मांस नको हे मी फोनला सांगेपर्यंत तुम्ही थेट स्वयंपाकघरात शिरला होतात. ताट आलं, आणि आईने पहिल्याच घासाला निकाल दिला: "हा तर कुसकरा!" शिळा पाव, लसूण, तेल, लाल तिखट. तिखटाला धुराचा वास होता. तुमच्याच प्रांतातल्या ला वेरात मिरच्या ओकच्या धुरावर वाळवतात, हे तुम्ही हवेत फुंकर मारून समजावलंत.

किल्ल्याकडचा चढ दगडी आणि उभा. दर वळणावर तुम्ही थांबून छपरांवरचे करकोचे दाखवत होतात. तिसऱ्या वळणावर माझ्या लक्षात आलं, करकोचे निमित्त होते, तुमचं लक्ष आईच्या गुडघ्यांवर होतं. आई मात्र चोचींचा खटखटाट ऐकत, "यांना दम लागतोय वाटतं," असं तुमच्याबद्दल म्हणत होती.

आणि सांता मारियाचा मनोरा! माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला चर्चचा तोवर वीट आला होता. तुम्ही त्याचा हात धरून वर काठी रोखलीत. फोनवर झूम केलं तर दगडात चक्क बिल्बाओच्या अॅथलेटिक फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह! १९७०च्या दशकात मनोरा पुन्हा उभारताना एका गवंड्याने ते कोरून ठेवलं, म्हणालात. कासेरेसचा जागतिक वारसा पोरगा केव्हाच विसरलाय, त्या गवंड्याला मात्र नाही.

पाचला शटर अर्धं उघडलं, टायर बसला. तुम्ही पुन्हा आम्हाला गाडीपर्यंत आणून सोडलंत, चाकही तुम्हीच चढवलंत. पैसे पुढे केले तर रागावलात. म्हणून डिकीतला गॅस काढला आणि रस्त्याकडेला आलं ठेचून चहा ठेवला. पहिल्या घोटाला तुमचा चेहरा असा झाला, की आई घाबरली. मग तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत, गडग्याला टेकलात, आणि रिकामा कप पुढे केलात.

आपली,
दोन कप चहावाली