वही मांडीवर होती

कोल्हापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोहोचल्याचा तुझा मेसेज आईला आला. मला आला नाही, आणि तो यावा असं म्हणायला मला तोंडही नाही. शुक्रवारी रात्री मी स्टँडवर आलो नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं असं आईनं तुला सांगितलं, ते खरं नव्हतं. दुकान साडेसातलाच बंद केलं होतं. पापाच्या तिकटीपर्यंत चालत आलो आणि तिथूनच परत फिरलो.

गुडघा कसा आहे? हायवेची कामं चाललेली, गाडी कुठंकुठं थांबली असणार. तेवढा वेळ पाय दुमडून बसलं की तुझा गुडघा धरतो. गुडघ्याचं पुढं लिहितो. आधी बुधवारच्या मीटिंगचं.

बुधवारी तू सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलंस की पुण्यातल्या शाळेत कोचची नोकरी मिळाली, आता तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळणं जमणार नाही. आवाज शांत होता तुझा. मग कोपऱ्यातून एकजण बोलला, "पेठेनं वर्गणी काढून गुडघ्याचं ऑपरेशन केलं, त्याचं काय?" तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. तालमीच्या हिशेबाची वही माझ्या मांडीवर होती. उघडून दोन ओळी वाचायच्या होत्या, तेवढंही माझ्यानं झालं नाही.

त्या दोन ओळी इथं लिहितो. २०१८ च्या गणपतीत जी वर्गणी जमली, ती 'खेळाडू मदत' या खात्याला जमा आहे. उसने म्हणून नाही. माझ्याच हातानं लिहिलंय. आणि खालच्या पानावर, 'देणे' या सदरात तुझं दोन मोसमांचं मानधन, २८,००० रुपये, अजून उभं आहे. तू तालमीचं काही लागत नाहीस. तालीमच तुझं लागते. पैसे हातात आले की दरवेळी आधी बाहेरून आलेल्या पोरांना दिले, कारण त्यांना खोलीचं भाडं होतं, खानावळ होती. तुझं घरी जेवण होतं. खजिनदाराचा पोरगा म्हणून तुझं नाव नेहमी शेवटी राहिलं, आणि ते मीच ठेवलं. लोक काय म्हणतील म्हणून.

आज सकाळी तालमीत जाऊन वही उघडून दाखवली. दोघंच होते, त्यातला एक बुधवारचा होता. तो वाचून म्हणाला, "आण्णा, हे त्याच दिवशी सांगायचं." मी काय बोलणार.

तू पैशासाठी गेलास असं पेठेत कोण म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. तालमीची हालत तुला माहीत आहे, पण सगळी माहीत नाही. महापालिकेत २०२० पासून प्रशासक आहे. नगरसेवक होते तेव्हा मोसमाच्या तोंडाला कोणी जर्सी द्यायचा, कोणी बूट, कोणी दूध-अंडी-केळी. नंतर इच्छुकांनी दोन वर्षं हात सैल सोडला. निवडणूक पुढंपुढं गेली तसे तेही आटले. मोठ्या तालमी परदेशी खेळाडू आणतात, आपल्याला एक चांगला गोली बाहेरून आणायचा म्हटलं तरी दोन महिने घासाघीस. आज खात्यावर ११,४०० रुपये आहेत. नोंदणीची फी त्यातनंच जाणार. म्हणून मी कुणाला दोष देत नाही. महिंद्रासारख्या कंपनीनं २०१० मध्ये फुटबॉल टीम बंद केली, पुढच्या वर्षी पंजाबची जेसीटीची टीम गेली. आणि यंदा नोव्हेंबर उजाडला तरी आयएसएल, देशातली सगळ्यात मोठी लीग, तीच सुरू झालेली नाही. त्यांच्यापुढं आपली तालीम केवढी? तरी ती अजून उभी आहे. पंधरा मोसम ती तुझ्या पायांवर उभी होती, हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही.

पाय म्हटलं की परत तेच येतं. आधी एवढं सांग, नोकरीच्या कागदावर विमा लिहिलाय का? खेळताना लागलं तर खर्च कोण करणार? तोंडी कबूल केलेलं धरू नकोस. आणि रविवारी तिथल्या टीमकडून लीग खेळणार म्हणालास, ती मॅच कुठल्या मैदानावर? टर्फ असेल तर जपून. टर्फवर बूट अडकतो, पाय तिथंच राहतो आणि अंग फिरतं. शाहू स्टेडियमच्या गवतावर लिगामेंट तुटलं, तिथं तर काय. वॉर्म अप नीट कर. एकतीस वर्षांचं शरीर आहे, एकविसाचं नाही. शाळेची पोरं शिकवायची आहेत तुला वीस वर्षं, त्यासाठी गुडघा लागणार. रविवारच्या एका मॅचसाठी…

पुरे. मी असाच सुरू होतो आणि तू फोन आईकडं देतोस. चूक माझी आहे.

खरं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी सेमीफायनलच्या दिवशी तू इंजेक्शन घेऊन उतरलास. तुला वाटतं मला माहीत नव्हतं. बिल माझ्याकडंच आलं होतं. 'औषधपाणी' म्हणून मी ते लिहिलं आणि पैसे दिले. त्या दिवशी मी बाप म्हणून तुला खाली बसवायला पाहिजे होतं. मला मॅच पाहिजे होती. नव्वद मिनिटं तू उभा राहिलास, एकही हेडर सोडला नाहीस, गॅलरीतनं तुझ्या नावानं ओरडत होते आणि मीही ओरडत होतो. रात्री तू जिना बसून बसून चढलास. तेव्हापासून मी गुडघ्याचं विचारत बसतो.

तुझ्या आजोबांनी हे चालू दिलं नसतं. खासबागेत कुस्त्या केलेला माणूस. आखाड्यात उतरायच्या आधी माती हातात घेऊन बघायचे, कडक वाटली तर तेल, ताक ओतून मऊ करून घ्यायचे, मगच पोरांना आत सोडायचे. चेंडूमागं पळणं हा त्यांना खेळच वाटायचा नाही. पण तू सात वर्षांचा असताना गांधी मैदानात साचलेल्या पाण्यातनं अनवाणी खेळून आलास, तर तुझे पाय मांडीवर घेऊन तिळाच्या तेलानं चोळत बसले होते. शाहू मिल बंद पडून घरात ओढ होती, तरी तुझ्या दुधात बदाम उगाळलेले असायचे. आत्तीला अजून आठवतं ते. तुझी पहिली सीनियर मॅच बघायला मात्र ते राहिले नाहीत. २०१०. शॉर्ट्स मोठी होती, दर दहा मिनिटांनी नाडी आवळत होतास, आणि गोललाइनवरनं काढलेला तो एक बॉल.

आणि आणखी एक रात्र. २०१७ चा ऑक्टोबर, सहा तारीख. दिल्लीत भारत-अमेरिका, सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप, आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये. तालमीत टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. तीन गोलनं हरलो तरी पोरं नाचत होती. तू हळूच उठून खाली आखाड्याशी जाऊन मारुतीसमोर बसलास. तेवीस वर्षांचा होतास. मी जिन्यावरनं बघितलं आणि परत वर गेलो. तुला लहानपणीच पुण्यात बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीत पाठवायचं का असं मामानं एकदा विचारलं होतं. मी म्हणालो होतो, तालीम आहे की. तू त्या रात्री ते आठवत होतास का, हे मला अजून विचारता येत नाही.

शाळेतल्या पोरांना आधी पडायला शिकव. तुला ते कुणी शिकवलं नाही.

घरी बरं आहे. आईनं तुझी सायकल आत घेतली. छकुली रोज विचारते, काका शाळेत गेला म्हणजे तो परत पहिलीत बसला का. चार नंबरची जर्सी अजून कुणाला दिली नाही, पण देतील, द्यायलाच पाहिजे. तुझ्या जागी जो पोरगा उभा राहणार आहे तो काल दुकानात आला होता. तुझा फोन नंबर मागत होता, कॉर्नरला कुणाला धरायचं ते विचारायला. दिलाय मी. त्याच्याशी बोल.

२८,००० तालमीकडून येतील तेव्हा येतील. तोवर दुकानातनं दर महिन्याला थोडे पाठवतो. नको म्हणू नकोस. वहीत ते तालमीच्या नावावर लिहिणार नाही, वेगळे ठेवीन.

गुडघ्याचा पट्टा न्हाणीमागच्या दोरीवर वाळत राहिला होता. धुऊन, पिशवीत घालून उद्या रात्रीच्या गाडीला ड्रायव्हरकडं देतो. सकाळी स्वारगेटला जाऊन घे. गाडीचा नंबर आईच्या फोनवरनं पाठवीन. मिळाला की कळव, मला कळव. आणि पट्टा हातात येईपर्यंत प्रॅक्टिसला उतरू नकोस.

तुझा,
आण्णा