फॉर्म पोरांनीच भरून दिला

संपादक साहेब नमस्कार,

माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, आम्ही गेवराईकडचे, कापसावर घर चालतं. २०२४ ला सरकारने ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ केली, चांगलं झालं, पण मेस आणि रूमचं भाडं कोण माफ करणार? त्यात कॉलेजच्या ऑफिसात गेलं की आधी सगळी फी भरा, पैसे आले की परत देऊ असं तोंडावर सांगतात.

तिचा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती-फीमाफीच्या ऑनलाइन पोर्टलवरचा, फॉर्म अडला होता, बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, शेवटी तिच्या हॉस्टेलच्या सिनियर पोरांनी रात्री अकरा वाजता लॅपटॉप घेऊन बसून सगळं नीट करून दिलं. हीच पोरं जुनी पुस्तकं गोळा करून ज्युनिअरला देतात, आणि महिन्याला शंभर-शंभर रुपये काढून एका मुलाचा डबा चालवतात. कोणाचा ते सांगत नाहीत, हे मला जास्त आवडलं.

कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, कमवा आणि शिका सुरू केलं ते गाव आमच्यापासून लांब, पण नाव घरोघरी आहे. आता कॉलेजांनी निदान या पोरांना बसायला एक खोली आणि प्रिंटर तरी द्यावा, झेरॉक्सचे पैसे पण तीच भरतात हो.

— एक पालक, जि. बीड