शतकाच्या चाकाची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्यमनगरात 34 वर्षं मी माल तपासणीचं काम केलं. ऑइल इंजिनचे सुटे भाग मायक्रोमीटर आणि गो-नोगो गेज लावून बघायचे, बसला तर पास, नाही तर लाल रंग मारून कोपऱ्यात. माप चुकलं म्हणून माझ्याशी भांडलेले कारागीर आजही मंगळवार पेठेत भेटले की आधी हात जोडतात आणि मग शिव्या देतात. त्यामुळं गॅस मीटरबद्दल मी जे लिहितोय ते "बिल जास्त आलं हो" एवढ्यापुरतं नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या घरी पाइपचा गॅस येऊन दीड वर्ष झालं. माणसं तीन. मी, आमच्या सौभाग्यवती आणि शिकायला राहिलेला नातू. दोन महिन्यांचं बिल 20 ते 22 युनिटांच्या (एक युनिट म्हणजे एक घनमीटर गॅस) आसपास, म्हणजे अकराशे रुपयांपर्यंत यायचं. टाकी होती तेव्हाही खर्च एवढाच होता, सौ. नवी टाकी लावली की कॅलेंडरवर फुली मारतात, त्या फुल्या मोजून मी हिशेब ताडून पाहिला होता. 14.2 किलोच्या टाकीत जेवढी ऊर्जा, तेवढी साधारण साडेसतरा युनिट पाइपच्या गॅसमध्ये मिळते.

जुलैत मे-जूनचं बिल आलं 122 युनिटांचं. सहा हजार शंभर रुपये. सात टाक्या झाल्या या! आम्ही मंगल कार्यालय चालवत नाही.

फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "काका, मे महिन्यात पाहुणे होते का?" होते. लेक आणि तिची दोन पोरं दहा दिवस होती, दोन रविवारी तांबडा-पांढराही झाला. पण मला दर एक तारखेला मीटरचा फोटो काढायची खोड आहे. 1 मेला वाचन 312. 1 जूनला, पाहुणे जाऊन आठवडा उलटल्यावर, 324. म्हणजे तांबड्या-पांढऱ्यासकट मे महिन्याचा खर्च 12 युनिट. आणि 1 जुलैला कंपनीचा माणूस वाचून गेला तो आकडा 434! घरात तीन माणसं उरल्यावर, पावसाळ्यात, एका जूनमध्ये 110 युनिट. दर पाच दिवसांना एक टाकी.

गळती असेल म्हणून रात्री सगळी बटणं बंद करून लाल आकडे कागदावर लिहून ठेवले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मीटरवरचे काळे आकडे पूर्ण युनिट असतात आणि लाल आकडे दशांश. बारीकशी गळती असली तरी सकाळपर्यंत लाल आकडे सरकतात. सकाळी आकडे जिथल्या तिथं होते. गळती नव्हती. पुढचे काही दिवस रोज वाचन लिहिलं. दिवसाला एक तृतीयांश युनिट, अगदी नेहमीसारखं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 434 मधून 100 काढा, 334 राहतात. 324 ला 10 मिळवा, 334 होतात. जून महिन्याचा आमचा खरा खर्च दहा युनिटच! फरक शंभराचा, ना एक कमी, ना एक जास्त. बॅटरी घेऊन मीटरजवळ गेलो. शतकाचं चाक, म्हणजे शेकड्याचा आकडा दाखवणारं चाक, शेजारच्या चाकांच्या रेषेत नव्हतं, आकडा खिडकीत किंचित वर चढलेला दिसत होता. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यात असलं कितीतरी वेळा पाहिलंय. झीज असली किंवा धक्का बसला की चाक एक घर पुढं उडी मारतं.

कंपनीचे साहेब म्हणाले, मीटर बिघडला तर कमी दाखवतो, जास्त कधीच नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. आत पडदे असतात, ते गॅसनं भरतात आणि रिकामे होतात, त्या हालचालीवर दाते फिरतात. पडदा फाटला तर गॅस न मोजताच पुढं जातो आणि फायदा गिऱ्हाइकाचा होतो. पण पडदा वेगळा, आकड्यांची चाकं वेगळी. मापणारा आणि लिहिणारा वेगवेगळे असल्यासारखं आहे हे. मापणारा प्रामाणिक असून लिहिणाऱ्यानं एक शून्य चुकवलं तर?

तक्रारीवर 19 जुलैला भर पावसात दोन पोरं आली, नवा मीटर बसवला आणि जुना युरियाच्या पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन गेली. तेव्हाचं वाचन 440 होतं, ते मीच त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. सील नाही, पंचनामा नाही, माझी सही नाही. चार आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की तपासणीत मीटर योग्य आढळला आहे, कृपया थकबाकी भरावी, अन्यथा जोडणी खंडित करण्यात येईल.

आता माझा प्रश्न. त्या मीटरच्या पाटीवर ताशी कमाल 2.5 घनमीटर असं छापलेलं आहे, घरगुती लहान मीटरचा सर्वसाधारण आकडा तोच. वाचन 440 वर होतं. शतकाचं चाक पुढच्या वेळी आपसूक फिरायचं ते 500 ला. म्हणजे 60 घनमीटर हवा सोडावी लागेल. पूर्ण वेगानं सोडली तरी सलग 24 तास. तेवढा वेळ मीटर चालवला होता का? पत्रात कुठंच उल्लेख नाही. अर्धा-एक तास हवा सोडली असेल तर पडदे तपासले गेले, एककाचं चाक फार तर तपासलं गेलं. ज्या चाकावर माझा आक्षेप आहे त्याला कुणी हातही लावलेला नाही. बोल्ट मोजायला सांगितला आणि नट मोजून पास केला, असा हा प्रकार.

शिवाय तपासलं कुणी? ज्यांनी बिल काढलं त्यांनीच. आमच्या कारखान्यात ज्यानं जॉब केला त्यानं तो पास करायचा नाही, हा पहिला नियम. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं. टाकी घेताना ती वजन करून मागता येते, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीवालीच्या वजनावरसुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का बघता येतो. माझ्याच भिंतीवर टांगलेल्या, ज्याच्या आकड्यावर मी पैसे मोजतो त्या मीटरची चाचणी मात्र माझ्यासमोर होत नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, तेही ठाऊक आहे. पण पाच हजारांसाठी तारखांना हेलपाटे घालायचे म्हटल्यावर दहातले नऊ जण बिल भरून मोकळे होतात. मीही पूर्ण रक्कम भरली, पावतीच्या प्रतीवर "हरकत राखून" असं लिहून पोच घेतली. सौ. म्हणाल्या, "आधी चहा तर होऊ दे, मग खुशाल भांडा."

आपल्या पत्रामार्फत कंपनीला आणि वैधमापन खात्याला एवढंच विचारतो, की 122 युनिटांचं बिल काढणारा तो मीटर आज कुठं आहे? भंगारात गेला नसेल तर सील करून ठेवावा आणि खात्याच्या निरीक्षकासमोर, माझ्यासमोर 440 पासून 500 पर्यंत चालवून दाखवावा. चाक सरळ फिरलं तर मी त्या साहेबांची माफी मागीन आणि तीही याच सदरात. चोवीस तास बसावं लागलं तरी हरकत नाही. स्टूल मी घरचं आणीन, डबाही.

आपला,
एक निवृत्त माल तपासनीस,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव, पत्ता आणि फोटोंच्या प्रती आपल्या कार्यालयात दिल्या आहेत.)