सारंगखेड्याहून आणलेल्या घोडीसाठी धावून आलेल्या आप्पांस

आदरणीय आप्पा यांस,
सादर प्रणाम.

2024 च्या दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला काठेवाडी घोडी घेतली, त्याला आता बराच काळ लोटला. आपल्यासमोर आभाराचा शब्द काढला की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

घोडी घरी आली त्याच आठवड्यात मी एका दूरच्या दुकानातून तयार खोगीर मागवले होते. ते परदेशी बांध्याच्या रुंद घोड्याचे होते आणि आमची घोडी अंगाने सडपातळ. चारच दिवसांत मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांमधल्या उंचवट्यावर, रुपयाएवढी जखम झाली. परत घेण्यास दुकानाने नकार दिला. त्या जखमेवर हळद लावत मी बसलो असताना आपण वाटेने जाता जाता थांबलात, खोगीर उलटे करून पाहिलेत आणि म्हणालात, "घोड्याचं सामान घोड्याच्या पाठीवर बेततात, कागदावर नाही."

दुसऱ्या दिवशी आपण मला मोटारसायकलवर मागे बसवून दोंडाईचा आणि शहादा अशी दोन्ही गावे फिरवलीत. घोड्याचे सामान आपल्या भागात मिळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आपण मात्र मला दुकानांऐवजी कारागिरांकडे नेलेत. दोर वळणाऱ्याकडून सुती दोराची मऊ मोहरकी (तोंडावरून बांधायची दोरी) आणि अगाडी-पिछाडी (पुढून-मागून बांधायचे दोर) करून घेतलीत, ताडपत्री शिवणाऱ्याकडून दाणा खाण्यासाठी तोंडाला बांधायचा तोबरा शिवून घेतलात, नालबंदाची गाठ घालून दिलीत. तेच खोगीर एका वृद्ध चर्मकारांनी आपल्या देखरेखीखाली उसवले आणि मधे पन्हळ राहील अशा बेताने त्यात पुन्हा लोकर भरली, जेणेकरून सगळे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर यावे. खोगीरभरती हा शब्द आपण सारेच निरुपयोगी गोष्टींच्या भरण्यासाठी सर्रास वापरतो. त्या दिवशी ती भरती मूठमूठ चाचपून घालताना पाहिली आणि त्या शब्दावर आपण सारे किती अन्याय करतो, हे मला जाणवले.

विकणाऱ्याने घोडी पाच वर्षांची सांगितली होती. आपण तिचा ओठ अलगद वर करून कडेचे दात अजून दुधाचेच असल्याचे दाखवलेत, म्हणजे साडेचारही पूर्ण नव्हती, आणि पहिले दोन महिने पाठीवर कोणी बसायचे नाही असे बजावलेत. दाण्याची चंदीही आपणच आटोक्यात आणलीत. मी कौतुकापोटी भिजवलेले हरभरे घमेलेभर ठेवत असे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघाड झाला तर तो पोटशूळ जिवावर बेततो, हे मला ठाऊकच नव्हते. कडब्याची वैरण थोडी थोडी दिवसभर, आणि कोणताही नवा दाणा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा, ही आपली शिस्त आजही आमच्या घरी पाळली जाते.

शिकवण्याचे ते दिवस मात्र मला सर्वांत मोलाचे वाटतात. आपण कधीही तिच्या थेट मागून किंवा नाकासमोरून गेला नाहीत, कारण तिथले तिला दिसत नाही. नेहमी खांद्याच्या बाजूने, आवाज देत. आधी खरारा करून अंग साफ करायचे, मग लांब दोरीवर कावा, म्हणजे गोल फिरवणे, डाव्या अंगाने जितका वेळ तितकाच उजव्या अंगाने. लगामाची घाई आपण होऊ दिली नाहीत. पौषातल्या त्या गार सकाळी लगामाचे तोंडात घालायचे लोखंडी कडियाळे आपण दोन्ही तळव्यांत धरून उबवलेत, त्याला गुळाचे बोट लावलेत आणि ती स्वतः तोंड उघडेपर्यंत गप्प उभे राहिलात. तिने कडियाळे तोंडात घेतले, जिभेने चाळवले, मान खाली सोडली आणि एक लांब श्वास टाकला. त्याच क्षणी आपण हातातली ओढ सैल केलीत. "ऐकलं की लगेच सोडायचं, तेच तिचं बक्षीस," एवढेच आपण म्हणालात. मी त्यानंतर ओढण्यापेक्षा सोडण्याकडेच अधिक लक्ष देऊ लागलो, आणि कदमावरून (संथ चालीवरून) दुडकीवर (हलक्या धावेवर) ती केवळ पोटरीच्या स्पर्शाने जाऊ लागली.

या साऱ्याचे आपण एक पैसाही घेतला नाहीत. कारागिरांना मात्र त्यांची पूर्ण मजुरी माझ्याकडून देवविलीत, घासाघीस करू दिली नाहीत. तेही योग्यच होते.

पाठीवरची जखम पूर्ण भरली असून तिथे पांढऱ्या केसांचा एक ठिपका उरला आहे. नाल बसवून सहा आठवडे होत आले आहेत. येत्या रविवारी नालबंदाकडे जाताना तिला आपल्या दारावरून आणतो. सूनबाईंना सांगून ठेवावे, की या वेळी चहा आमच्याकडून, आणि घोडीसाठी गुळाचा खडा तेवढा आपल्या हातचा.

आपला कृतज्ञ,
घोडीवाला शेजारी