सुमे, तुझी वही रेवानं वाचली

आल्बुकर्की, १४ सप्टेंबर

प्रिय सुमे,

तुझे तीन मेसेज आले आणि तिन्हींना मी नुसते हात जोडून पाठवले. चौथा आलाच नाही, तेव्हा समजले. रागव, तुझा हक्कच आहे. पण आज रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अविनाश झोपलाय, आणि जे झालंय ते तुलाच सांगण्यासारखं आहे. अविनाशला मेस म्हणजे 'लग्नाआधी तुम्ही दोघी डबे करायचात' एवढंच ठाऊक.

तब्येती ठीक. माझा गुडघा, त्याचं बीपी, सगळं जिथल्या तिथे.

रेवा मे महिन्यापासून एका हॉटेलात काम करते, हे मी तुला कळवलंच नव्हतं. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी. आधी भांडी, मग टेबलं पुसणं, आता आत स्वयंपाकात. आम्हाला वाटलं, पोरीला पॉकेटमनी हवाय. सुट्टी संपली की सोडेल. सुट्टी संपली, पण ही काही सोडेना. आणि गेल्या आठवड्यात म्हणाली, "आई, शुक्रवारी तुम्ही दोघं जेवायला या. पैसे मी भरणार."

हॉटेल कसलं आहे सांगू? इटालियन आणि न्यू मेक्सिकन एका ताटात. नाक मुरडू नकोस, पुढे ऐक. मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात चुलीसारखी शेकोटी, दाराशी लाल मिरच्यांच्या वेण्या टांगलेल्या आणि त्यांच्याच रांगेत गवताचं वेष्टण असलेल्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या. एक खुर्ची दुसरीसारखी नाही. छताला खरीखुरी जुनी स्कूटर लटकवलेली, निळ्या रंगाची. अविनाश सगळा वेळ तिच्याखालून खुर्ची सरकवत होता. आणि आत पदार्थ तयार झाला की वाढपी पोरांना बोलवायला रेल्वे स्टेशनवर असते तशी घंटा बडवतात. मला एकदम आपला भोसलेबाईंचा कुकर आठवला. तीन शिट्ट्या झाल्या की वालचंद कॉलेजची पोरं होस्टेलवरून धावत यायची ती.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "लाल की हिरवी?" हा इथल्या राज्याचा, न्यू मेक्सिकोचा, अधिकृत प्रश्न आहे, थट्टा नाही. पक्षी, झाड, फूल असतं ना राज्याचं, तसा प्रश्न. कुठली मिरची घालू, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. मिरची एकच बरं का. कोवळी तोडली तर हिरवी, झाडावर पिकून वाळली की लाल. दक्षिणेला हॅच म्हणून गाव आहे, तिथली नावाजलेली. ऑगस्ट-सप्टेंबर आला की दुकानांच्या बाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या ज्वाळांवर गरागरा फिरवतात आणि गोणीच्या गोणी भाजून देतात. लोक ती घरी नेऊन, सालं काढून, वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये भरतात. अख्ख्या गावाला वास. इथे आल्यावर पहिल्या वर्षी त्या वासानं मी गाडी बाजूला घेऊन रडले होते. काकूंच्या तव्यावर मिरच्या भाजायच्या तोच वास. मी तुला तेव्हा लिहिलं नव्हतं.

अविनाशनं लसान्या मागवली. तिच्यात मैद्याच्या थरांऐवजी निळ्या मक्याच्या पोळ्या आणि मध्ये लाल मिरचीचं वाटण. खरंच निळा मका असतो गं, शिजला की आपल्या नाचणीसारखा दिसतो. मी साईत घोळलेला, भाजक्या हिरव्या मिरचीचा पास्ता घेतला. मिरचीत डुकराचं मटण नाही ना, हे आधी विचारून घेतलं. इथे विचारावंच लागतं. बिस्किटांतसुद्धा बऱ्याचदा त्याची चरबी असते. पहिला घास घेतला आणि तुझी आठवण झाली. कारण भांडण आठवलं.

जुलै १९९७. मी म्हटलं होतं, शेवयांना आमटीची फोडणी देऊन बुधवारी वाढू, पोरांना बदल होईल. तू पळी हातात घेऊन उभी. "धड ना इकडचं ना तिकडचं! असलं काही माझ्या मेसमध्ये होणार नाही. इथे शुद्ध सांगलीचं जेवण मिळतं." मी म्हटलं, तुझी एकटीची मेस? आणि दोन दिवस आपण बोललो नाही. पोळ्या लाटायच्या तू, भाजायच्या मी, आणि मधे एक शब्द नाही.

आता ऐक. तुझ्या शुद्ध सांगलीच्या ठेच्यातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी गोव्याला उतरवलेली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. लसूण, जिरं आणि मीठ तेवढं आधीपासूनचं. टोमॅटोही इथूनच इटलीला गेला. पोलेंटा म्हणून ते मक्याची उकड खातात, तो मकाही इथलाच. म्हणजे इटलीच्या ताटातलं निम्मं सामान या हॉटेलात माहेरी आलंय. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, बुधवारच्या शेवया मी जिंकले. कबूल कर.

हे टोमॅटोचं मला मालकीणबाईंनी सांगितलं. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांची वेणी, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. आईकडून उत्तरेच्या डोंगरातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरातल्या, आणि वडिलांचे वडील जिनोव्हाकडून आलेले. मी विचारलं, दोन्ही एकत्र करायचं कसं सुचलं? तर त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, आमच्या घरात रविवारी हेच असायचं. इथे १८८० साली रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग बरेच इटालियन दुकानदार आले, त्याच्याही आधी नेपल्सचे पाद्री आले होते. जुन्या चौकातलं मातीचं चर्चसुद्धा सान फेलिपे दे नेरींचं, म्हणजे फ्लॉरेन्सच्या संताचं. त्यांना त्यात जोडलेलं काही वाटतच नाही. त्यांचं घरचंच जेवण ते.

मग घंटा वाजली आणि आतून रेवा स्वतः ताट घेऊन आली. केस बांधलेले, कपाळावर घाम. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि उभीच राहिली.

सुमे, पाटवडी होती.

पिवळ्या, चौकोनी, कडेनं खरपूस परतलेल्या चार वड्या. वर भाजक्या हॅच मिरचीचा ठेचा, जाडसर, शेंगदाणे दाताखाली येतील असा. इथली मिरची मांसल आणि गोडसर, तेवढं तिखट कमी. पण बाकी सगळं काकूंचं. लसूण भाजून घेतलेला, कच्चा नाही. गुरुवारची पाटवडी. मी घास तोंडात धरून बसले, गिळताच येईना. अविनाश म्हणाला, "तिखट आहे का फार?" मी मान हलवली.

फळ्यावर त्याला 'पानिसा' लिहिलं होतं. जिनोव्हाकडे डाळीचं पीठ शिजवून, थापून, कापून अस्संच करतात म्हणे. रेवानं पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मालकीणबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, हे माझी आजी करायची, तुझ्या आजीला कुणी शिकवलं? त्यांना वर शेंगदाण्यांऐवजी इथल्या डोंगरातले पिन्योन घालायचे होते, चिलगोज्यासारखे असतात. रेवा ऐकेना. म्हणाली, वहीत शेंगदाणे लिहिलेत.

वही! मी विचारलं, कुठली वही?

आपली. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशोबाची. मी ती लग्नात सूटकेसच्या तळाशी टाकून आणली होती. का आणली, मला आजही सांगता येत नाही. तुला वाटत असेल हरवली. पुढून पाककृती तुझ्या अक्षरात, मागून हिशोब माझ्या. रेवाला मराठी बोलता येतं, वाचता धड येत नाही. सहावीत बाराखडी शिकून सोडली होती. पोरीनं उन्हाळाभर एकेक अक्षर लावत ती वही वाचली. तुझा 'ख' तिला आठवडाभर 'रव' वाटत होता म्हणे. तरी तुला सांगायचे, अक्षर सुधार म्हणून.

घरी येताना गाडीत मागून तिनं विचारलं, "आई, पाटल्या म्हणजे काय?"

मी सांगितलं, सोन्याच्या बांगड्या.

"आणि गहाण?"

अविनाश गाडी चालवत होता. मी म्हटलं, घरी सांगते. घरी येऊन सांगितलं नाही. आज तिसरा दिवस आहे.

ते पान तुला माझ्याइतकंच पाठ असेल. 'काकूंच्या पाटल्या, गहाण, ११,०००. १२ जून १९९७.' खाली मोठा गॅस, दोन पातेली, परात, पाच महिन्यांचं भाडं. पाटल्या सोडवल्याची नोंद नाही, कारण मी त्याआधीच निघाले. तू चार महिने एकटीनं सदतीस डबे केलेस. काकू ओक्या हातानं पोळ्या लाटायला बसायच्या, हे मला नानांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. २००४ साली मी पैसे पाठवले, ते तू परत केलेस, चिठ्ठी न लिहिता. मला ते अजून लागतं. पण तेव्हा मीही चिठ्ठी न लिहिताच पाठवले होते, हे आत्ता लिहिताना दिसतंय.

आता रेवा म्हणते, तिला हेच करायचंय. कॉलेज नको. इथे राज्यातल्या मुलांना सरकारी कॉलेजात शिकवणीची फी जवळजवळ माफ आहे गं! अविनाशचे मित्र डोळे मोठे करून ऐकतात की तरी ही नको म्हणते. अविनाश म्हणतो, छंद म्हणून कर, आधी डिग्री घे. ती म्हणते, बाबा, छंदाला कुणी बारा तास उभं राहतं का? मी मध्ये सुचवलं, इथल्या कम्युनिटी कॉलेजात पाककलेचा कोर्स आहे, तो कर. त्यावर दोघंही गप्प झाले, म्हणजे दोघांनाही ते पटलं नसावं.

मला काळजी फीची नाही, डिग्रीचीही नाही. तिच्या डाव्या हातावर दोन डाग आलेत. तेल उडालेलं. तिनं ते मला कौतुकानं दाखवले. मला आपली पहाटे चारची ओटी आठवली, विश्रामबागेतली. तांब्याच्या बंबातलं पाणी, कणकेचा ढीग, बाहेर अंधार, आणि तू म्हणायचीस, "वैशे, आज तरी कुणी पोळी कच्ची म्हणू नये." आपण किती आनंदात होतो, सुमे. आणि किती घाबरलेल्या. महिनाअखेर आली की आपण भाजीवाल्याच्या गल्लीतून जायचंच टाळायचो. रेवाला त्यातला आनंद वहीतून दिसलाय, भीती दिसलेली नाही. ती मागच्या पानांवर आहे, आकड्यांत, आणि आकडे तर तिला चांगले वाचता येतात. म्हणूनच तिनं विचारलं.

मी तिला काय सांगू? की चालत होतं आणि मी सोडून गेले? की चालतच नव्हतं, आणि माझं लग्न हे निमित्त झालं? मला स्वतःला इतकी वर्षं दुसरं खरं वाटत आलंय. परवा पाटवडी खाताना पहिलं खरं वाटलं. तुला काय वाटतं हे मी कधी विचारलंच नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

अगं, तुझं काही विचारलंच नाही! मिहिरला पुण्यात खोली मिळाली का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं ना, की आधीच झालं? कृष्णेला पाणी फार आलं होतं म्हणून बातम्यांत पाहिलं, आयर्विन पुलापर्यंत सगळं. तुमच्या गल्लीत शिरलं नाही ना? आणि बंड्याचं खरंच जमलं? त्या शाळेतल्या बाईंशी? फोटो पाठव.

इथे आता मिरचीचा मोसम संपत आलाय. संध्याकाळी समोरचा डोंगर कलिंगडाच्या गरासारखा लाल होतो. त्याचं नावच सांदिया, म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड. गाव महाबळेश्वरापेक्षा उंच, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायला युगं लागतात. तू आलीस तर आधी कुकरला दोष देशील.

एक मागणं आहे. रेवाला तुझ्याशी बोलायचंय. मी नको म्हणत होते, आता हो म्हटलंय. रविवारी तुझ्याकडे रात्री साडेआठ असतील तेव्हा ती फोन करेल, इथे सकाळचे नऊ. तुला सुमामावशी म्हणते ती, तुला न बघताच. पाटल्यांचं विचारेल. तू सगळं सांग. मी कधी निघाले, कशी निघाले, तू त्यानंतर काय केलंस, काकू काय म्हणाल्या. माझ्यासाठी काही वगळू नकोस. मी शेजारच्या खोलीत असेन. नंतर तुला माझ्याशी बोलायचं असेल तर तिला सांग, ती हाक मारेल.

आणि तिचा एक प्रश्न आधीच कळवते, म्हणजे आठवून ठेवशील. ठेच्याच्या पानावर आमटी सांडलेली आहे, तिथलं जिऱ्याचं माप पुसलं गेलंय. मिरच्या पंधरा एवढं दिसतं. जिरं मिरच्यांबरोबर भाजायचं की नंतर कच्चं घालायचं, यावर आमच्या दोघींचं जुळत नाहीये. मी म्हणते भाजून. काकूंना विचारून ठेव.

तुझी,
वैशी