शेवट आधी सांगू नकोस

पुणे
रविवार, रात्री

प्रिय विनू,

परवा तुझ्याशी बोलताना सईने मध्येच फोन घेतला आणि विचारलं, "काका, पिंक फ्लॉइडमधला तो वेडा झालेला माणूस होता ना, त्याची गाणी कुठून सुरू करू?" मी "पहिल्या अल्बमपासून" एवढंच म्हणालो. पण तेव्हापासून तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. सोळा वर्षांची मुलगी, एकही गाणं ऐकलेलं नाही, आणि या ब्रिटिश रॉक बँडच्या गायक-गिटारवादकाचं, सिड बॅरेटचं, नाव माहीत व्हायच्या आधी तिला त्याचं वेड माहीत आहे. विनू, हे तू सांगितलंस. १९७५ साली टक्कल केलेला, भुवया काढलेला एक लठ्ठ माणूस स्टुडिओत येऊन बसला आणि त्याच्याच जुन्या मित्रांना तो ओळखू आला नाही, हा प्रसंग तू किती परिणामकारक सांगतोस ते मला ठाऊक आहे. मलाही तू तो हॉस्टेलच्या गच्चीवर सांगितला होतास. पण मला तू आधी कॅसेट दिली होतीस आणि गोष्ट नंतर सांगितलीस. माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

ती कॅसेट आठवते? साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. दादरला तुझ्या मामेभावाकडच्या एलपीवरून उतरवलेली, आणि आत तुझ्या अक्षरात अकरा गाण्यांची नावं. त्यांचा पहिला अल्बम, बेचाळीस मिनिटांचा. पहिल्या बाजूची सहा गाणी साधारण एकवीस मिनिटांची, आणि त्यांना लागूनच 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह', ते एकटंच जवळजवळ दहा मिनिटं. त्यामुळे ते संपायच्या आतच टेप संपायची. गिटारची ती घसरत खाली येणारी धून, मग पाच-सात मिनिटं चौघं चार दिशांना भरकटलेले, आणि ते घरी परतायला लागले की खट्! जवळपास तीन वर्षं मला त्या वाद्यसंगीताचा शेवट माहीत नव्हता. पुढे सीडी मिळाली, हेडफोन लावून ऐकलं, तर तीच धून परत येते आणि या कानातून त्या कानात, त्या कानातून या कानात धावत सुटते. मी पलंगावर उठून बसलो होतो.

तेव्हा सईला काय ऐकवायचं आणि कसं, ते लिहितो. पत्र लांबलं तर लांबू दे.

तो पहिला अल्बम 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' ऑगस्ट १९६७ मध्ये आला, पण ध्वनिमुद्रण फेब्रुवारीतच सुरू झालं होतं, लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. बॅरेट एकवीस वर्षांचा. अकरापैकी आठ रचना त्याच्या एकट्याच्या, दोन चौघांच्या मिळून, आणि एक बँडमधल्याच रॉजर वॉटर्सची. (वॉटर्सची ती सगळ्यात कच्ची आहे. पुढे तो काय लिहिणार आहे याची त्यात खूणही नाही.) निर्माता नॉर्मन स्मिथ, जो त्याआधी बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता. त्याच महिन्यांत त्याच इमारतीत बीटल्स त्यांचा 'सार्जंट पेपर' हा अल्बम करत होते, आणि मार्चमध्ये एकदा या चार पोरांना तिकडे डोकवायला मिळालं. क्लबात हे लोक एकच धून वीस-वीस मिनिटं वाजवत, स्मिथला हवी होती तीन मिनिटांची गाणी. याबद्दल त्याला बोल लावणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. 'लुसिफर सॅम' ऐक. सयामी मांजरावरचं गाणं, तीन मिनिटांत पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत ताणलेलं. त्या शिस्तीशिवाय ते झालं नसतं.

या संगीताला सायकेडेलिक, म्हणजे भासांच्या जगात नेणारं, म्हणतात, आणि तसं म्हटलं की लोकांना लगेच नशा आठवते. नशा होती, एलएसडी बॅरेट घेत होता, ते लपवू नकोस. पण या अल्बममध्ये जे आहे ते मला एका लहान मुलाच्या खोलीतलं वाटतं. नाव बघ ना. केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाचं शीर्षक जसंच्या तसं उचललं आहे. त्यात छछुंदर आणि उंदीर हरवलेल्या पिल्लाला शोधायला रात्रभर होडी वल्हवतात आणि पहाटे त्यांना बासरीवाला देव दिसतो. 'मटिल्डा मदर' म्हणजे आईने गोष्ट अर्ध्यावर थांबवलेल्या पोराचं गाऱ्हाणं. आधी त्यात हिलेअर बेलॉकच्या कविता होत्या, परवानगी मिळाली नाही म्हणून बॅरेटने शब्द नव्याने लिहिले. मला ते बरंच झालं वाटतं, कारण नवे शब्द त्याचे स्वतःचे आहेत. त्याचे वडील १९६१ साली वारले. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

'द स्केअरक्रो' सईला नक्की आवडेल. बुजगावण्याचं गाणं आहे. टापांसारखा टक-टक ठेका, वर ऑर्गन, आणि शेतात एकटं उभं असलेलं ते ध्यान, ज्याला आता स्वतःच्या नशिबाचं फारसं दुःख उरलेलं नाही. तुमच्या निफाडच्या शेतात ज्वारीत तुझ्या आजोबांचा जुना सदरा घालून उभं असायचं ना, मला प्रत्येक वेळी तेच दिसतं. दोन मिनिटांचं गाणं आहे, पण मला ते सगळ्यात खोल वाटतं.

आणि 'बाइक'. एक मुलगा मैत्रिणीला आपली एकेक चीज दाखवतो. सायकल, डगला, घर नसलेला एक उंदीर, आणि शेवटी म्हणतो, चल, तुला दुसऱ्या खोलीत नेतो. त्या खोलीचं दार उघडलं की घड्याळं, घंटा, चाकं, सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. मग फितीचा एक तुकडा गोल फिरत राहतो, हसणाऱ्या बदकांसारखा. अल्बम तिथे संपतो. लोक म्हणतात, बघा, वेड! मला तिथे आपला सगळ्यात मोठा खजिना दाखवणारा मुलगा ऐकू येतो. हे सगळं करायला किती कात्री, किती चिकटपट्टी, किती नीट मोजमाप लागलं असेल याचा विचार कर. बॅरेट सिगारेटचा लायटर गिटारच्या तारांवरून घसरवायचा आणि आवाज बिन्सनच्या प्रतिध्वनी-यंत्रातून काढायचा. 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी'च्या सुरुवातीला भोंग्यातून ग्रहांची नावं वाचणारा माणूस त्यांचा व्यवस्थापक पीटर जेनर आहे, आणि गाण्यात पुढे ओबेरॉन, मिरांडा, टायटॅनिया ही नावं येतात, ते युरेनसचे चंद्र. हे भान हरपलेल्याचं काम नव्हे रे.

तू म्हणशील, आजार तर तेव्हाच सुरू झाला होता. खरं आहे. त्या मे महिन्यात डेव्हिड गिलमोर त्याला स्टुडिओत भेटायला गेला तर बालपणीच्या मित्राने ओळखच दाखवली नाही, असं गिलमोरच सांगतो. पुढच्या जानेवारीत गिलमोर बँडमध्ये आला आणि एप्रिलमध्ये सिड अधिकृतपणे बाहेर पडला. मी हे नाकारत नाही. पण हे कळल्यावर आपण प्रत्येक हसण्यात चिरफळी शोधत बसतो, आणि एका एकवीस वर्षांच्या मुलाने मन लावून केलेलं काम ऐकायचं राहून जातं. मला याचा राग येतो. तुझा नाही, पण येतो. माणूस २००६ मध्ये केंब्रिजला वारला, त्याआधी कितीतरी वर्षं तो चित्रं काढत, बागकाम करत शांतपणे राहत होता, त्याचं कुणी बोलत नाही.

आता कामाचं. अमेरिकेत निघालेली आवृत्ती तिला देऊ नकोस, त्यात 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिनी', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' गाळले होते. ब्रिटिश क्रमच हवा. २००७ मध्ये मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि स्टिरिओ (दोन कानांत वेगवेगळा) दोन्ही पुन्हा निघाले. आधी मोनो ऐकवायचा, तो भरीव आणि एकसंध आहे. फक्त 'इंटरस्टेलर'च्या शेवटासाठी स्टिरिओ, हेडफोन लावून, दिवा बंद करून. तुझी पेटी जवळ असेल तर बँडमधल्या रिक राइटचा ऑर्गन तिला थोडा काढून दाखव, 'मटिल्डा'च्या मधला तुकडा तुला सहज सापडेल.

आणि ती कॅसेट माळ्यावर असेल तर शोध. वहिनींना विचार, त्यांनी निळ्या ट्रंकेत ठेवलेली मी पाहिली होती. टेपरेकॉर्डर माझ्याकडे आहे, पट्टा नवा घातलाय. दिवाळीत नाशिकला येतो तेव्हा घेऊन येईन, आणि सईला पहिल्यांदा तीच ऐकवू, जिथे तुटते तिथपर्यंत.

तुझा,
श्रीधर