गोम वेगळी, पैसा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोमींचा हल्ला’ अशा मथळ्याची बातमी प्रसिद्ध झाली. पेरणीनंतर पावसाने दिलेली उघडीप, जमिनीलगत कुरतडली गेलेली रोपे आणि दुबार पेरणीची चिंता हा बातमीतला मजकूर खरा आहे. आमच्या शिवारातही तेच चित्र आहे. परंतु मजकुराशेजारी छापलेले छायाचित्र तांबूस रंगाच्या, चपट्या अंगाच्या घोणीचे, म्हणजे मोठ्या गोमेचे, होते, आणि घोण काही झाले तरी सोयाबीन खात नाही. ती शिकार करून जगणारी आहे. रोपे कुरतडणारा प्राणी निराळा असून त्याला मराठीत पैसा म्हणतात, अनेक भागांतले शेतकरी त्याला वाणी म्हणतात आणि कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांत त्याचा उल्लेख मिलीपीड असाही येतो. आपल्या भाषेत दोन प्राण्यांसाठी दोन स्वच्छ शब्द असताना बातमीत मात्र दोघांना एकाच नावाखाली आणले गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही चूक केवळ आपल्या वार्ताहराची नाही, हे मी आधीच मान्य करतो. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. दर पावसाळ्यात मुले बाटल्यांत, डब्यांत काही ना काही पकडून आणत आणि ‘सर, गोम’ म्हणून पुढे केलेल्या बाटल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाटल्यांत पैसा किडाच निघत असे. त्यात धोका काहीच नव्हता. धोका उलट्या बाजूने होता. एका मुलाने बोटभर लांबीची गोम पैसा समजून हातात उचलली. तिने बोटाला टोचताच त्याचा हात मनगटापर्यंत सुजला आणि तो रात्रभर कळवळत राहिला. दुसऱ्या एका घरी परसातल्या खताच्या खड्ड्यात पैसा किड्यांची गर्दी पाहून कुणीतरी ‘गोमी झाल्या’ म्हणत दाणेदार विष टाकले. किडे मेले, आणि ते टिपणाऱ्या दोन कोंबड्याही गेल्या. नाव चुकले की उपायही चुकतो, तो असा.

दोघांची गफलत होण्यास पुस्तकी मराठीही थोडी कारणीभूत आहे. गोमेसाठी शतपाद आणि पैशासाठी सहस्रपाद असे शब्द पाठ केल्यावर फरक केवळ पायांच्या संख्येचा आहे आणि पाय मोजले की प्रश्न मिटला, असे विद्यार्थ्याला वाटते. प्रत्यक्षात शतपादाला शंभर पाय नसतात. गोमेच्या पायांच्या जोड्या प्रौढावस्थेत नियमाने विषम संख्येत असतात: काही गटांत १५, आपल्याकडच्या मोठ्या घोणींत बहुधा २१, आणि मातीत राहणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक जातींत ही संख्या १९१ पर्यंत जाते. शंभर पायांसाठी ५० जोड्या लागतील आणि ५० ही सम संख्या आहे. म्हणजे या नियमाने नेमके शंभर पाय जमतच नाहीत. घरात फिरणाऱ्या मोठ्या घोणीला ४२ पाय असतात आणि न्हाणीघराच्या भिंतीवर दिसणाऱ्या लांब, नाजूक पायांच्या गोमेला ३०. सहस्रपादाचीही तीच कथा होती. कॅलिफोर्नियातल्या एका जातीचे ७५० पाय हा बराच काळ उच्चांक मानला जात होता. मग २०२१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणपट्ट्यात, जमिनीखाली सुमारे ६० मीटर खोल सापडलेल्या एका जातीची नोंद प्रसिद्ध झाली. साडेनऊ सेंटिमीटर लांबीच्या आणि एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या त्या जीवाचे १,३०६ पाय मोजले गेले आणि सहस्रपाद हे नाव प्रथमच सार्थ झाले. आपल्या शेतातल्या पैशाला मात्र हजार पाय नाहीत, आणि तो अंड्यातून बाहेर येतो तेव्हा तर त्याला पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे प्रत्येक वेळी कात टाकताना वलये आणि पाय वाढत जातात.

तेव्हा पाय किती आहेत, यापेक्षा ते कसे लागले आहेत हे पाहावे. गोमेच्या धडाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते आणि पाय अंगाच्या दोन्ही कडांतून बाहेर पसरलेले असतात, त्यामुळे ते वरूनही स्पष्ट दिसतात. पैशाच्या बहुतेक वलयांना दोन-दोन जोड्या असतात, कारण त्याचे प्रत्येक वलय हे मुळात दोन खंड एकत्र जुळून झालेले असते. डोक्यामागचे पहिले वलय बिनपायांचे आणि त्यापुढची तीन एकेका जोडीची, हे मुख्य अपवाद. हे पाय अंगाखाली दडलेले, आखूड आणि केसांच्या झालरीसारखे असतात. पैसा चालतो तेव्हा पायांतून एकामागून एक लाट सरकताना दिसते आणि इतके पाय असूनही त्याची चाल मंदच राहते. वेग हे त्याचे काम नव्हे. सगळे पाय मिळून माती आणि पालापाचोळा रेटत पुढे घुसणे हे त्याचे काम आहे. गोम चपटी, लवचीक आणि चपळ. दगड उचलल्यावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती दुसऱ्या फटीत शिरलेली असते. गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, ही म्हण आपण श्रीमंतांच्या नुकसानीबद्दल वापरतो, परंतु प्राणी म्हणूनही ती खरी आहे: संकटात गोम पाय तोडून पळते आणि पुढच्या काती टाकताना तो पाय पुन्हा येतो.

खरी गोम मात्र पुढेच आहे. गोमेच्या डोक्याखाली आकड्यासारख्या वळलेल्या दोन जाड नख्या असतात. त्या दात नव्हेत, जबडेही नव्हेत. धडाच्या पहिल्या खंडाचे पायच बदलत जाऊन विषारी नख्या झाले आहेत. म्हणजे काटेकोर बोलायचे तर गोम चावत नाही, ती पायाने टोचते. या नख्यांतून सोडलेल्या विषाने ती झुरळे, कोळी, गांडुळे आणि मोठी घोण असेल तर पालीच्या पिल्लालाही लुळे करून खाते. तिच्या मिशा लांब असतात. शेवटच्या पायांची जोडी चालण्यासाठी वापरलीच जात नाही, ती मागे शेपटीसारखी लांबते, आणि अनेकांना तीच नांगी वाटते. पैशाला विषारी नख्या नाहीत, नांगी नाही, मिशा आखूड आहेत आणि जबडे कुजका पाला कुरतडण्यापुरते आहेत. त्याला माणसाला चावून किंवा टोचून दुखापत करता येत नाही.

पैसा पळू शकत नाही, म्हणून तो वेटोळे करतो. नाण्यासारख्या दिसणाऱ्या या वेटोळ्यात मऊ पोट आणि पाय आत राहतात व चुन्याच्या क्षारांनी टणक झालेली पाठ बाहेर येते. एवढ्याने भागले नाही तर त्याच्या अंगाच्या कडेवरील छिद्रांतून उग्र वासाचा स्राव पाझरतो. गोल, लांबट जातींत या स्रावात बहुधा क्विनोन गटातली रसायने असतात. त्यांनी माणसाच्या कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो काही दिवस जात नाही. व्हेनेझुएलातली माकडे पावसाळ्यात असे किडे मुद्दाम अंगाला चोळतात, कारण त्या स्रावाने डास दूर राहतात. आपण हे करू नये. स्राव डोळ्यांत गेला तर चांगलीच जळजळ होते. डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. मुलांना हे सांगून ठेवणे पुरेसे आहे. किडा मारण्याची गरज नाही.

वाचकांना एकच सोपी खूण हवी असते, याची मला कल्पना आहे. लांब काडीने हलकेच स्पर्श करावा. वेटोळे झाले तर पैसा, पळाली तर गोम. ही खूण बहुतेक वेळा पुरते, पण नेहमी नाही. पैशाचे काही नातलग चपट्या पाठीचे असतात. त्यांच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंस पंखासारख्या कडा असल्याने वरून पाहता ते गोमेसारखे वाटतात, आणि त्यांच्या स्रावात चक्क सायनाइडवर्गीय रसायन असते, त्याला कडू बदामासारखा वास येतो. सह्याद्रीच्या जंगलात आखूड, जाडसर अंगाचे आणि डिवचल्यावर गोटीसारखा पूर्ण गोळा होणारे पैशाचे भाऊबंदही आहेत. ते पाहून पर्यटक ‘हा कोणता भुंगा’ असे विचारतात. अशा वेळी काडीच्या खुणेवर न विसंबता एकेका वलयाला पायांच्या किती जोड्या आहेत हे जरा लांबून, शक्य तर मोबाइलवर छायाचित्र मोठे करून पाहावे. हातात घेऊन पाहू नये.

या सगळ्या वर्णनावरून गोम तेवढी दुष्ट आणि पैसा तेवढा गरीब, असा निष्कर्ष कुणी काढू नये, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब नेमका उलटा आहे. गोम पिकाला हात लावत नाही. उलट बांधावरचे व घरातले किडे खाते. मोठ्या घोणीची मादी तर अंड्यांभोवती आणि नंतर पिल्लांभोवती वेटोळे घालून आठवडेच्या आठवडे राखण करते. गोमी या भूमीच्या अतिशय जुन्या रहिवासी आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी पश्चिम घाटातल्या गोमींच्या एका गटाचा जनुकीय अभ्यास करून २०१३ मध्ये असे मांडले की, आपल्या दख्खनचा काळा दगड ज्या ज्वालामुखींतून तयार झाला त्या काळात घाटाच्या दक्षिण भागाने या गटाला आसरा दिला असावा आणि तेथून तो पुढे उत्तरेकडे पसरला असावा. कानात शिरून मेंदूपर्यंत जाणारी गोम मात्र दंतकथेतली आहे. कानाच्या पडद्यापलीकडे तिला वाट नाही.

पैशाचे जंगलातले काम मोलाचे आहे. तो पालापाचोळ्याचा चुरा करतो, त्याच्या विष्ठेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि कुजण्याची क्रिया वेगाने होते. परंतु शेतात मागच्या हंगामाचे काड पडून असले, बांधाला कुजक्या गवताचे ढीग असले आणि पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की हाच किडा उगवत्या बियाण्यावर व कोवळ्या रोपांवर वळतो. सोयाबीन, कपाशी, भुईमूग, मका यांचे नुकसान मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांना नवे नाही. शेतात पैसा आला म्हणून शेतकरी डोक्याला हात लावतो, असा हा एकच प्रसंग असावा. त्यावरचा उपायही किड्याच्या सवयीतूनच निघतो. त्याच्या कवचाला कीटकांसारखा मेणाचा थर नसतो, त्यामुळे अंगातले पाणी पटकन उडते. म्हणून तो दिवसा ओलाव्यात दडतो आणि रात्री बाहेर पडतो. संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी ओल्या गवताचे लहान ढीग किंवा भिजवलेली पोती ठेवावीत, सकाळी उन्हे चढण्याआधी त्याखाली जमलेले किडे हातमोजे घालून गोळा करावेत आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकावेत. पेरणीआधी बांध स्वच्छ ठेवावेत. प्रादुर्भाव फारच असेल तर औषधाचा निर्णय सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा विद्यापीठाच्या तज्ज्ञांना किडा प्रत्यक्ष दाखवूनच घ्यावा. गोमेचे छायाचित्र दाखवून दुकानातून आणलेल्या औषधाने पैसे वाया जातात, दोन्ही अर्थांनी.

गोमेने टोचल्यास काय करावे, हेही या निमित्ताने सांगणे आवश्यक वाटते. वेदना फार असतात, मृत्यू अत्यंत विरळा. जागा साबणाने धुवावी आणि सोसवेल इतक्याच गरम पाण्यात तो अवयव काही वेळ बुडवून ठेवावा, त्याने कळ पुष्कळदा उतरते. लहान मुलांच्या बाबतीत पाणी आधी आपल्या हाताने तपासावे. जखमेला चिरा देऊ नयेत, आवळून बांधू नये, चुना किंवा तंबाखू लावू नये. श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे असे काही दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आपल्याला विनंती इतकीच की, या बातमीतले छायाचित्र आणि मथळा यांची दुरुस्ती त्याच पानावर प्रसिद्ध करावी, आणि पुढील वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरण्या सुरू होण्यापूर्वी, गोम व पैसा यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापावीत. छायाचित्रांखाली शास्त्रीय नावे नसली तरी चालेल. गोम, घोण, पैसा, वाणी ही गावात बोलली जाणारी नावे मात्र असावीत, म्हणजे कृषी विद्यापीठाचा सल्ला वाचताना तो कोणत्या किड्याबद्दल आहे हे शेतकऱ्याला कळेल. माझ्याकडे शाळेच्या काळात काढलेली काही छायाचित्रे आहेत. ती उपयोगी पडणार असतील तर कार्यालयात आणून देईन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
औसा, जि. लातूर